टाइमप्लीज नसलेला डाव

लाल दिव्यासमोर हॉर्न वाजवल्याने दिवा लवकर हिरवा होत नाही, हे मुंबईतल्या प्रत्येक वाहनचालकाला ठाऊक आहे. तरी तो वाजवतो. मुंबई पोलिसांनी एका जाहिरात संस्थेला हाताशी धरून यावर एक उपाय करून पाहिला आणि २०२०च्या जानेवारीअखेर त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे अशा मोजक्या ठिकाणी सिग्नलच्या खांबांवर आवाज मोजणारी यंत्रं बसवली होती आणि ती दिव्याच्या घड्याळाला जोडली होती. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की शून्याकडे निघालेलं घड्याळ पुन्हा ९० सेकंदांवर जायचं. जितका हॉर्न वाजवाल तितके थांबाल, अशी पाटीही होती. चित्रफितीतले चालक आधी बुचकळ्यात पडतात, मग चिडतात, मग एकमेकांना गप्प करू लागतात.

त्यांनी एकमेकांना गप्प करणं हाच या उपायाचा गाभा होता. कोणाची पावती फाडली गेली नाही, कोणाला प्रवचन ऐकावं लागलं नाही. नियम पाटीवर होता, गुण घड्याळात दिसत होते आणि चुकीची किंमत त्याच क्षणी मोजावी लागत होती. शिवाय एकाच्या हॉर्नमुळे सगळेच थांबत असल्याने शेजारचा स्कूटरवालाच पोलिसाचं काम करू लागला. मात्र ज्याने हॉर्नला हातही लावला नव्हता, तोही त्याच दीड मिनिटात अडकला. हा प्रयोग मला आवडतो, आणि तो थोड्या जागी थोडाच काळ झाला याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही. या पुस्तकाचा विषय या दोन्ही भावनांच्या मध्ये कुठेतरी आहे.

खेळाचे नियम, गुण, पायऱ्या, बक्षिसं आणि चढाओढ या गोष्टी खेळाबाहेरच्या कामांना जोडायच्या आणि त्यातून माणसांच्या रोजच्या वागण्याला वळण लावायचं, या उद्योगाला गेमिफिकेशन म्हणतात. हा शब्द आता मराठी कचेऱ्यांतही रुळला आहे. चालणं, पैसे देणं, अभ्यास, वीज वाचवणं, वेळेवर गोळी घेणं, ऑर्डर पोचवणं यांतलं काहीच त्यातून सुटलेलं नाही. मोबाइल आल्यामुळे यात दोन गोष्टी नव्याने शक्य झाल्या. माणसाची प्रत्येक हालचाल मोजता येऊ लागली आणि त्या मोजमापाचं उत्तर त्याच्या खिशात, त्याच क्षणी देता येऊ लागलं. बाकी कल्पना जुनीच आहे.

किती जुनी, ते पाहायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट महाराष्ट्रात कवड्या टाकून खेळला जाई. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते, पण आज हाती असलेले जुने पट त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत. ज्ञानचौपड या नावाने त्याचे भाऊबंद देशभर होते. वैष्णवांच्या एका प्रकारात ७२ घरं, जैनांच्या एका प्रकारात ८४. घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावं दिलेली असायची. शिडी वर न्यायची, साप खाली आणायचा आणि शेवटचं घर मोक्षाचं असायचं. १८९०च्या दशकात हा खेळ विलायतेत गेला. तिथे साप-शिड्यांना आधी काटकसर, पश्चात्ताप असे व्हिक्टोरियन संस्कार चिकटले आणि पुढे तेही गळून नुसते आकडे राहिले.

वागणूक सुधारण्यासाठीचा खेळ म्हणून मोक्षपटाचा दाखला अनेक जण देतात, पण एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मोक्षपटात चांगलं वागून शिडी मिळत नाही, ती कवड्यांच्या दानाने मिळते. खेळताना तुम्ही प्रत्यक्षात दानधर्म करत नाही की खोटं बोलत नाही. खेळ तुम्हाला फक्त नावं शिकवतो आणि वर जाणं किती अवघड, घसरणं किती सोपं, याचा धडा देतो. घरी जाऊन काय करायचं ते तुमच्यावर सोडलेलं असतं. आजच्या ॲपमध्ये शिडी खऱ्या कृतीला बांधलेली आहे. खरोखर चाललात, खरोखर पैसे दिलेत, खरोखर सिग्नलला थांबलात, तरच ती मिळते. परिणामकारक आहे ती हीच बांधणी, आणि धोकादायकही हीच.

या बांधणीमागचं मानसशास्त्र कबुतरांवर शिकलं गेलं. हार्वर्डचे बी. एफ. स्किनर यांच्या पेटीतलं कबुतर कळीवर चोच मारायचं आणि त्याला दाणा मिळायचा. दाणा दर वेळी मिळाला तर कबुतर पोटापुरत्या चोची मारतं. कधी मिळेल याचा नेम नसला तर मात्र ते मारतच राहतं. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली या वेळापत्रकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. लास व्हेगासच्या जुगारयंत्रांपासून फोनमधल्या सूचनांच्या घंटीपर्यंत सगळीकडे हेच अनिश्चित दाण्याचं सूत्र सापडतं. स्टॅनफर्डमध्ये बी. जे. फॉग यांनी १९९८ साली याच विषयाची प्रयोगशाळा काढली. संगणकाकडून माणसाचं मन वळवणं हा तिथला अभ्यासाचा विषय होता. एखादी कृती घडायला इच्छा हवी, ती करणं सोपं हवं आणि योग्य क्षणी इशारा मिळायला हवा, ही त्यांची त्रिसूत्री आज ॲप बनवणाऱ्या कुठल्याही नवशिक्याला पाठ असते.

भारतात या सूत्राची सर्वांत मोठी चाचणी पैशांच्या व्यवहारात झाली. नोटाबंदीनंतर २५ डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने 'लकी ग्राहक योजना' सुरू केली. ५० ते ३,००० रुपयांचा व्यवहार डिजिटल मार्गाने करायचा आणि सोडतीत यायचं. शंभर दिवस, रोज १५,००० विजेते, प्रत्येकाला १,००० रुपये. शेवटची मोठी सोडत १४ एप्रिल २०१७ रोजी जाहीर झाली, तो समारंभ नागपुरात झाला आणि एक कोटीचं बक्षीस महाराष्ट्रातल्याच एका तरुणीला मिळालं. सरकारने लोकांना सवय लावण्यासाठी लॉटरी वापरावी यावर तेव्हा फारशी चर्चा झाली नाही. रांगेतून सुटका मिळेल ते बरं, अशीच लोकांची मनःस्थिती होती.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गूगलचं तेज आलं, म्हणजे आजचं गूगल पे. पैसे पाठवा, स्क्रॅच कार्ड घासा. कधी सात रुपये, कधी एकवीस, बहुतेकदा 'पुन्हा प्रयत्न करा'. तमिळनाडूच्या रहिवाशांना मात्र तिथल्या लॉटरीबंदीमुळे ही कार्डं मिळत नव्हती. कंपनीच्या वकिलांना त्यात लॉटरीचा वास आला होता, हे योजनेच्या बारीक अक्षरांतल्या टिपेवरून कळायचं. मग २०१९ची दिवाळी आली. पणती, फूल, कंदील, झुमका आणि रांगोळी अशी पाच तिकिटं जमवली की २५१ रुपये मिळणार होते. चार तिकिटं सगळ्यांकडे ढिगाने, रांगोळी कोणाकडेच नाही. त्या पंधरवड्यात कितीतरी कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांवर फराळापेक्षा रांगोळीची चौकशी जास्त होती. एरवी कोणाकडे काही मागायला संकोचणारी मंडळी दूरच्या नातेवाइकांनाही 'रांगोळी आहे का?' असं विचारत होती. २५१ रुपयांसाठी कोणी इतकं करत नाही. पाचपैकी चार हातात असणं माणसाला स्वस्थ बसू देत नाही, त्यासाठी ते सगळं चाललं होतं.

आज स्क्रॅच कार्डातून कोणी न घेतलेल्या वस्तूचं सवलतीचं कूपन निघतं आणि बहुतेक लोक ते उघडतही नाहीत. पण यूपीआय सोडून कोणी रोखीकडे परतलं नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये महिन्याचे व्यवहार १०० कोटींच्या पुढे गेले, ऑगस्ट २०२३मध्ये १,००० कोटींच्या. भाजीवाल्याकडे सुट्टे पैसे शोधावे लागत नाहीत, पैसे पाठवायला शुल्क पडत नाही आणि करोनाच्या काळात नोट हातात घ्यायचीच भीती होती, या कारणांनी ती सवय टिकली. खेळाने लोकांना दारापर्यंत आणलं. आतली सोय खरी होती म्हणून ते थांबले.

याच्या उलट घडलं ते पोकेमॉन गोच्या बाबतीत. जुलै २०१६मध्ये हा खेळ आला तेव्हा भारतात तो अधिकृतपणे मिळतही नव्हता. तरी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर फोन पुढे धरून फिरणारी मुलं दिसू लागली. घरकोंबड्या पिढीला अखेर बाहेर काढणारा खेळ आला, अशा बातम्या छापून आल्या. अमेरिकेतल्या तरुण खेळाडूंच्या फोनमधली पावलं मोजून संशोधकांनी त्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष छापला. पहिल्या आठवड्यात रोजची पावलं सरासरी ९५५ने वाढली होती. सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ पुसली गेली होती. चालण्यात स्वतःचं असं काही सापडलं नाही, प्राणी पकडून झाले, खेळ संपला. हे दोन दाखले शेजारी ठेवले की या क्षेत्रातल्या निम्म्याअधिक यशोगाथा कशा वाचायच्या ते कळतं: सहा आठवड्यांनंतरचा आकडा विचारायचा.

पावलांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. रोज दहा हजार पावलं हे लक्ष्य आज डॉक्टरांपासून विमा कंपन्यांपर्यंत सगळे सांगतात. रात्री पावणेबाराला उरलेली चारशे पावलं पुरी करण्यासाठी दिवाणखान्यात येरझाऱ्या घालणारे काका आता प्रत्येक सोसायटीत आहेत. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पाऊलमापक बाजारात आणलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं माप' अशा अर्थाचं ठेवलं. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका बराच घटलेला दिसला आणि ७,५००च्या आसपास हा फायदा स्थिरावला. काकांनी झोपायला जावं. पण त्यांच्या मनगटावरचा पट्टा त्यांना जाऊ देत नाही, कारण गुणफलकावर १०,००० लिहिलं आहे. खेळ चांगला की वाईट हे नंतर पाहू. आधी त्यातले गुण कोणी ठरवले, कधी आणि कशासाठी, एवढं विचारलं तरी पुष्कळ उलगडतं.

गुण विचारपूर्वक ठरवले की काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण बंगळुरूमधलं आहे. २००८च्या ऑक्टोबरपासून सुमारे सहा महिने स्टॅनफर्डचे बालाजी प्रभाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्फोसिसच्या कर्मचाऱ्यांसाठी एक योजना चालवली. गर्दीच्या आधी कार्यालयात पोचणाऱ्याला गुण मिळायचे आणि जमलेल्या गुणांवर आठवड्याच्या सोडतीत प्रवेश. सगळ्यांना थोडे थोडे पैसे वाटले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला चहापुरतेही आले नसते. सोडतीमुळे तेवढ्याच रकमेला आकर्षण आलं. लवकर येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली आणि कंपनीच्या बसमधल्या प्रवाशांचा सकाळचा प्रवास सरासरी ७१ मिनिटांवरून ५४वर आला. जो लवकर निघाला त्याचा वेळ वाचला, जो नेहमीच्या वेळी निघाला त्याला रस्ता मोकळा मिळाला. लोकांना हव्याच असलेल्या गोष्टीला इथे फक्त हलकासा धक्का दिला गेला.

माझ्या मते मात्र या देशात वागणूक बदलणारा सर्वांत मोठा खेळ फोनवर नाही, माळरानावर खेळला गेला. पानी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे पाणी अडवण्याच्या कामांची गावागावांतली स्पर्धा, २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांत सुरू झाला. उन्हाळ्यातले ४५ दिवस, आधी जाहीर केलेली गुणपद्धती, शोषखड्ड्यांपासून समतल चरांपर्यंत प्रत्येक कामाला ठरलेले गुण, आणि समोर शेजारची गावं. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं, दुसऱ्या वर्षी वर्ध्याच्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा. एरवी ग्रामसभेत एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन गट शेजारचं गाव पुढे जाऊ नये म्हणून एका चरावर आले, अशा कितीतरी हकिगती त्या वर्षांत ऐकू आल्या. यामागे मराठी मुलखाची जुनी सवय होती. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने २००० सालापासून गावांना चढाओढीची गोडी लावलेली होती.

अशाच अभियानांनी पुढचा धडाही शिकवला. हागणदारीमुक्तीचा निर्मल ग्राम पुरस्कार घेतलेल्या अनेक गावांत समिती पाहणी करून गेली, कमानीवर फलक लागला आणि काही काळाने माणसं पुन्हा डबा घेऊन बाहेर पडू लागली. शौचालयं होती, काहींत गोवऱ्या होत्या. वॉटर कपबद्दलही जलतज्ज्ञांनी आक्षेप घेतले: पाणी अडवण्याला गुण मिळतात, ते जपून वापरण्याचं काय? अडवलेलं पाणी उसाला गेलं तर? आक्षेप रास्त होते. ही स्पर्धा २०१९ला थांबली आणि २०२२पासून संस्था गटशेतीच्या फार्मर कपकडे वळली. खणायचे चर संपतात, पिकाचा हिशेब दर हंगामात करावा लागतो. चालकांनी आपल्या खेळाचे गुण बदलण्याची तयारी दाखवली, ही गोष्ट मला त्या चषकाइतकीच महत्त्वाची वाटते.

बक्षिसाने मुळातली आवड मरू शकते, हे बालवाडीत सिद्ध झालेलं आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर झकास प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. पुढे मोकळ्या वेळात रंगीत पेनं समोर ठेवली तेव्हा हीच मुलं इतरांपेक्षा कमी रेघोट्या मारू लागली होती. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालं त्यांचं असं झालं नाही. पाचवीतल्या मुलाला पुस्तकामागे तारे देणारं ॲप घेऊन देताना आईबापांनी हा प्रयोग आठवावा. दंडाचंही तसंच. इस्राएलमधल्या हैफा शहरात मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला आणि उशीर कमी होण्याऐवजी दुपटीच्या घरात गेला. आधी बाईंसमोर लाज वाटायची, आता पैसे भरले की झालं. दंड उठवल्यावरही ती लाज परतली नाही.

इथपर्यंतच्या बहुतेक खेळांतून माणूस बाहेर पडू शकत होता. काका पट्टा काढून ठेवू शकतात, रांगोळीचा नाद सोडता येतो, गाव स्पर्धेत उतरलंच नाही तरी चालतं. मराठी अंगणातल्या लपंडावाला नि डब्बा ऐसपैसला जो एक नियम कोणी लिहिला नाही पण सगळे पाळायचे, तो टाइमप्लीजचा. मुठीवर थुंकी लावून 'टाइमप्लीज' म्हटलं की कितीही रंगात आलेला डाव त्या मुलापुरता थांबायचा. नाडी बांधायची असो, आईने हाक मारलेली असो, नाहीतर नुसता दम लागलेला असो. कारण विचारायची पद्धत नव्हती.

आता संध्याकाळी सात वाजता कुठल्याही मोठ्या हॉटेलबाहेर दुचाकीवर बसलेल्या, ऑर्डर पोचवणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये डोकावून पाहा. लॉग-इनचे तास, पुऱ्या केलेल्या ऑर्डरींची पट्टी, इन्सेंटिव्हच्या पुढच्या टप्प्याला किती उरल्या तो आकडा, रेटिंगचे तारे, पाऊस आला तर वाढीव दर. दिसायला हा खेळच आहे, रंगसुद्धा तेच. न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ साली उबरबद्दल सविस्तर लिहिलं होतं. चालक काम थांबवायला निघाला की कमाईचा एखादा गोल आकडा अगदी जवळ असल्याची आठवण ॲप त्याला करून द्यायचं आणि हातातली फेरी संपायच्या आत पुढची समोर ठेवायचं. मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होतो, त्याच धर्तीवर. रांगोळीच्या चौकशीमागची अस्वस्थता इथेही आहे: दहापैकी आठ ऑर्डरी झाल्या आहेत, घरी कसं जायचं? पण इथे उरलेल्या दोन ऑर्डरींवर खोलीचं भाडं अवलंबून असतं. नियम मध्येच बदलले तर कोणाशी भांडायचं ते कळत नाही, आणि आयडी ब्लॉक झाला तर डावच बंद. पूर्वी मुकादम समोर असायचा. त्याच्याशी हुज्जत घालता यायची, त्याला शिव्या देता यायच्या.

कर्मचाऱ्याला खेळाडू म्हणणं मला म्हणूनच खटकतं. खेळाडूपाशी खेळ सोडायची मोकळीक असते. ती काढून घेतली आणि गुण, तारे, पट्ट्या तेवढ्या ठेवल्या, तर त्याला पगारपद्धत म्हणावं आणि पगारपद्धतीला जे प्रश्न विचारतात तेच विचारावेत. या संग्रहातल्या सगळ्या लेखकांना हे मान्य आहे असं नाही. काहींनी स्वतः अशी ॲपं बांधली आहेत, आणि वेळेवर औषध घ्यायला विसरणाऱ्या क्षयरुग्णासाठी रोजची हिरवी खूण किती मोलाची ठरू शकते, हे ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात. त्यांचे लेख मी मुद्दाम आधी ठेवले आहेत.

कायदा या सगळ्याच्या मागून, लंगडत येतो आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या डिजिटल रचनांवर बंदी घातली. खोटी घाई निर्माण करणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, सदस्यत्व सोडण्याची वाट मुद्दाम अवघड करणं हे त्यांतले काही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि क्रिकेटच्या आभासी संघांवर कोट्यवधी लोकांना गुंतवणाऱ्या कंपन्यांना एका आठवड्यात धंदा गुंडाळावा किंवा बदलावा लागला. पण पहिल्या नियमावलीचं संरक्षण ग्राहकाला आहे. त्याला बिर्याणी आणून देणारा मुलगा ग्राहक नाही. तो पैसे लावत नाही, वेळ आणि पेट्रोल लावतो, त्यामुळे दुसऱ्या कायद्यातही बसत नाही. त्याच्यासाठी राजस्थानने २०२३ साली देशातला पहिला कायदा केला, तो मुख्यतः कल्याणनिधीचा. कर्नाटकाने २०२५ साली त्यापुढे पाऊल टाकलं. काम कसं वाटलं जातं आणि यंत्र त्यावर कशी देखरेख ठेवतं, हे कामगाराला सांगण्याची जबाबदारी त्या राज्यात कंपनीवर आली. म्हणजे निदान गुणफलक वाचायचा हक्क मिळाला. गुण ठरवताना त्या मुलाला विचारलं जाईल का, आणि कोणी विचारायचं, यावर या पुस्तकातल्या शेवटच्या तीन लेखांचं आपसांत अजिबात पटत नाही.